आठ जणी जास्त

प्रिय डॉक्टर,

सस्नेह आशीर्वाद.

पाळी जायच्या वयातल्या बायका त्या त्रासावरच्या हार्मोनच्या औषधांचं नाव काढलं की कॅन्सरच्या भीतीने उठून जातात, त्यांना पटवायचं कसं, असं तू विचारलंस. पटवू नकोस. तिला ठरवता येईल एवढं सांग.

ही भीती आली कुठून, ते आधी बघ. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोनं एकत्र घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर पोहोचली. मोजणी अशी होती: औषध न घेणाऱ्या १०,००० जणींमागे वर्षाला ३० जणींना तो झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. आठ जणी जास्त. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, तुझ्यासमोर पन्नाशीची बाई बसलेली असते. त्या आठ जणी मात्र लपवू नकोस. आकडा नेहमी असा माणसांत सांग, टक्क्यांत नको.

साठीच्या आत, किंवा पाळी थांबून दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, तर गरम वाफांनी हैराण झालेल्या, एरवी निरोगी बाईला सहसा धोक्यापेक्षा फायदा जास्त. स्तनांचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात होऊन गेलाय का, हे आधी विचारायचंच. गर्भाशय असेल तर एकटं इस्ट्रोजेन देत नाहीत, त्याने आतलं अस्तर वाढतं. गुठळीची धास्ती असेल तर त्वचेवर लावायच्या पट्टीत ती जोखीम गोळीपेक्षा कमी, हेही सांग.

पण त्याआधी एक प्रश्न: ‘सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ मी हा प्रश्न फार उशिरा शिकले. एका बाईला मी वाफा, झोप, हाडं सगळं समजावलं. ती मान डोलवत राहिली. जाताना दारात थांबून हळूच म्हणाली, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की दुखतं, त्याचं काय? तिला योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम पुरलं. तिने दारापर्यंत थांबायला नको होतं, ही रुखरुख अजून आहे.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तर लगेच तपासणी करायची, हे प्रत्येकीला सांग.

आणि काहीच घ्यायचं नाही असं तिने ठरवलं, तर तेही लिहून ठेव आणि तीन महिन्यांनी परत बोलाव. तेव्हा तिचं मत बदललेलं असू शकतं.

तुझी,
मॅडम