सेमी-डिटॅच्ड घराचा प्लॅन करताना खोल्या कुठे घ्याव्या?

तुम्ही विचारलंय की एक भिंत शेजाऱ्यांशी कॉमन आहे तर सुरुवात कुठून करायची, तर त्या भिंतीपासूनच करा. तिकडे खिडकी मिळणारच नाही, उजेड-हवा उरलेल्या तीन बाजूंनीच येणार, म्हणून हॉल आणि बेडरूम मोकळ्या बाजूला घ्या आणि कॉमन भिंतीला कपाटं, स्टोअर, जिना असलं काहीतरी लावा. फक्त जिना त्या भिंतीत फिक्स करू नका, नाहीतर शेजारचं पोरगं धावलं की तुमच्या घरात धडधड (आणि उलटही!). टीव्ही, वॉशिंग मशीन, फ्लशचे पाइपही त्या भिंतीला नकोत.

वरचं बाथरूम शक्यतो खालच्या किचन किंवा बाथरूमच्या बरोबर वर घ्या, पाइप सरळ खाली येतात आणि उद्या लीकेज झालंच तर निदान बेडवर टपकणार नाही. जिन्याला लोक हमखास कमी जागा धरतात, ३ फूट रुंदी आणि साधारण १० इंच खोल पायरी एवढं तरी धराच, पायरीची उंची साधारण ७ इंच.

खाली एक खोली आणि टॉयलेट ठेवा, आईवडिलांचे गुडघे कधी कुरकुरतील सांगता येत नाही. आणि फायनल करायच्या आधी फर्निचर मापात काढून दारं उघडून बघा, कागदावरच हं.