किल्ली कोणाकडे राहणार, हे आधी ठरवून घ्यावे

अकोल्याच्या आपल्या वस्तीतील समाजमंदिर उन्हाळ्यात दुपारच्या विसाव्यासाठी उघडे ठेवायचे आहे आणि संबंधित कार्यालयाने त्याला ‘तोंडी होकार’ दिला आहे, हे आपल्या प्रश्नात वाचले आणि काही वर्षांपूर्वीची आमची नागपुरातील फजिती आठवली. पाणपोई, माठ, क्षारसंजीवनीची पाकिटे यांविषयी लिहीत नाही; ते आपल्याला ठाऊक असणारच.

आम्हीही तोंडी होकारावरच विसंबलो होतो. वाळ्याच्या ताट्या बांधल्या, दोन कूलर मागून आणले, टिनाच्या घरांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी केली. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला त्या दिवशी नेमका शनिवार होता, सभागृहाला कुलूप होते आणि किल्ली ज्या शिपायाकडे होती तो गावी गेला होता. रिक्षाने आणलेल्या दोन आजींना आम्ही कुलपासमोरच्या पायरीवर ओला पंचा पांघरून बसवले. सोमवारी विचारणा केली, तर ना-हरकत प्रमाणपत्र मागण्यात आले. ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले आणि हाती पडले तेव्हा मृग लागला होता. दमट हवेत कूलरचा तसाही उपयोग नसतो.

म्हणून अर्ज जानेवारीतच, लेखी द्यावा आणि पोच घेताना आवक क्रमांक टाकून घ्यावा. किल्ली वस्तीतील दोन व्यक्तींकडे राहील, सुट्टीच्या दिवशीही सभागृह उघडेल आणि वीजबिल कोण भरेल, हे आदेशात स्पष्ट लिहून घ्यावे. मे २०१० च्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला. कोणत्या इशाऱ्याला कोणत्या खात्याने काय करायचे हे त्यात आधीच नेमून दिलेले आहे, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल तेवढ्यातच आहे.

वेळेबाबतही भांडावे. ‘११ ते ५’ ही कार्यालयाच्या सोयीची वेळ आहे. टिनाखालचे घर रात्री उशिरापर्यंत भट्टीसारखे असते, त्यामुळे किमान दहापर्यंत दार उघडे हवे. कूलर लावल्यावर समोरची खिडकीही उघडी ठेवावी, अन्यथा आत नुसता दमटपणा कोंडतो.

मी डॉक्टर नाही, तरी एक सांगतो: ऊन लागलेली व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा बेशुद्ध पडली, तर तिच्या तोंडात पाणी ओतू नये. तिला सावलीत न्यावे, अंग भिजवून वारा घालावा, मानेला व काखेत बर्फ ठेवावा आणि लगेच १०८ ला फोन करावा.

किल्ली सांभाळणाऱ्या दोघांची नावे व घरे आम्ही आता सभागृहाच्या दारावरच रंगवून घेतली आहेत. रंगाऱ्याने दुसरे आडनाव चुकवले आहे, पण घर सापडते.