अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक कॉलेजचे) बेसबॉल कोच आधी काय करत असतात?

बहुतेक जण स्वतः खेळलेले असतात, पण मेजर लीगपर्यंत, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरापर्यंत, पोहोचलेले त्यांत फार थोडे. नेहमीची वाट म्हणजे कॉलेजात खेळायचं, जमलं तर काही हंगाम मायनर लीगमध्ये (त्याखालच्या व्यावसायिक स्तरावर) काढायचे, मग हायस्कूलचा संघ सांभाळायचा किंवा तुटपुंज्या मानधनावर सहायक कोच व्हायचं. कॅलिफोर्नियात पूर्णवेळ कोच बहुधा शारीरिक शिक्षणाचे वर्गही घेतो, म्हणून पदव्युत्तर पदवी लागते. ही शिकवण्याची बाजू लोक विसरतात, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची.

कोच वेन ग्रॅहम यांचंच बघा. १९६३-६४ मध्ये फिलीज आणि मेट्स या संघांकडून ते मेजर लीगचे जेमतेम ३० सामने खेळले. नंतर ह्यूस्टनमध्ये शाळेच्या मुलांना शिकवलं. टेक्ससच्या सॅन जॅसिंटो या कम्युनिटी कॉलेजात कोच म्हणून आले तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. तिथे त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पुढे मेजर लीगमध्ये नावाजलेले पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) रॉजर क्लेमेन्स आणि अँडी पेटिट हे दोघंही त्यांच्या हाताखाली खेळले. त्यानंतर ते राइस विद्यापीठात गेले आणि त्या संघाला २००३ ची कॉलेज वर्ल्ड सिरीज (विद्यापीठ संघांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा) जिंकून दिली.