गाऊन शिवायचा नाही, घालायचा नाही, नुसता बघायचाय

मावशी, सा. न.

मी 23 वर्षांचा, ऐरोलीत राहतो. बी.कॉम. झालो आणि इथल्याच एका बॅक ऑफिसात नाइट शिफ्ट करतो. मला हाय फॅशनचं वेड आहे. जानेवारी आणि जुलैत पॅरिसचे कुटूरचे (गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेल्या महागड्या कपड्यांचे) शो लागले की झोप सोडून मोबाइलवर लाइव्ह बघतो. कुठला डिझायनर कुठल्या फॅशन हाउसमध्ये कधी आला, कधी गेला, सगळं तोंडपाठ. बाबा (केमिकल कंपनीतून रिटायर, नाटकवेडे) म्हणतात, 'एवढंच आहे तर खारघरला निफ्ट हे फॅशनचं कॉलेज आहे, परीक्षा दे. नाहीतर ही थेरं बंद कर.' पण मला डिझायनर व्हायचंच नाहीये! आई म्हणते, मुलाच्या जातीने बायकांचे झगे काय बघत बसायचे. चुलतभाऊ म्हणतो, त्या इटलीच्या प्राडा कंपनीने आपली कोल्हापुरी चप्पल उचलली आणि तू त्यांनाच टाळ्या वाजव. मागच्या महिन्यात एका बेल्जियन डिझायनरचं सेकंडहँड जॅकेट घेतलं, लोकरीचं, 36 हजारांना, कार्डावर हप्त्यांनी. (आईच्या दाताचं काम होतं, पण हातात पैसे नव्हते म्हणून पुढे ढकललं.) घरी सांगितलंय की जॅकेट मित्राचं आहे. दिवाळी पहाटला ठाण्यात राम मारुती रोडवर तेच घालणार आहे. ज्यातून पुढे काही करायचं नाही असं वेड ठेवणं चूक आहे का, एवढंच सांगा.

— अ., ऐरोली

अ., अरे, वेड ठेवणं चूक नाही. खुशाल ठेव. पण तुझ्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तू कंसात घालून पुढे सरकलायस, म्हणून मी आधी तिथेच थांबणार.

हातात पैसे नव्हते. का नव्हते, ते आपल्या दोघांना माहीत आहे. आईला माहीत नाही. तिने एका बाजूने चावत दिवस काढायचे आणि कपाटात 'मित्राचं' जॅकेट लटकत राहायचं, हे तुलाही टोचतंय, नाहीतर तू ते लिहिलंच नसतंस. फॅशनचा यात काही दोष नाही. हेच पैसे तू गड चढायच्या बुटांवर किंवा लेन्सवर घातले असतेस तरी मी हेच म्हटलं असतं.

तर पहिलं काम: दाताच्या डॉक्टरची वेळ घे, मग आईशी बोल. हा क्रम उलटा करू नकोस. नुसती कबुली दिलीस तर ती म्हणेल, 'असू दे रे, माझं काय एवढं,' आणि तिचे दात पुन्हा मागे पडतील. आयांना ओळखते मी. दुसरं, कार्डाचं स्टेटमेंट नीट वाच. हप्त्यावर व्याज, प्रोसेसिंग फी आणि त्या दोन्हींवर जीएसटी असतो. हे फार नाही, पण एखाद्या महिन्यात हप्त्यासकट आलेलं पूर्ण बिल न भरता 'मिनिमम ड्यू' भरून मोकळा झालास, तर उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाचा हिशोब तूच कर, बी.कॉम. आहेस. जॅकेट चांगल्या स्थितीत असेल आणि जवळपास त्याच किमतीला जात असेल तर विकून टाक. जात नसेल तर ठेव, पण ते माझंच आहे म्हणून सांग आणि हप्ते फिटेपर्यंत दुसरं काही घेऊ नकोस.

आणि दिवाळी पहाटला लोकरीचं जॅकेट? ठाण्याच्या उकाड्यात? तलावपाळीपासून राम मारुती रोडपर्यंत पाय ठेवायला जागा नसते, नव्या कपड्यांतली अख्खी ठाण्याची पोरं एकमेकांना न्याहाळत उभी असतात. त्यात घामाने निथळणारा एक बेल्जियन. नको रे.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे वळते.

ज्याला पॅरिसमध्ये 'ओत कुटूर' म्हणतात, ते नाव तिथे वाटेल त्याला लावता येत नाही. 1945 पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे: गिऱ्हाइकाच्या मापाचं काम, पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा, ठरावीक संख्येने कारागीर, वर्षातून दोन कलेक्शन. एकेका पोशाखात शेकडो तास हाताचं काम जातं. असे कपडे विकत घेणारे जगात मूठभर. बाकी आपण सगळे बघणारेच. पहिल्या रांगेत बसलेल्यांतलेही बरेच जण बघायलाच आलेले असतात, फक्त त्यांच्या खुर्चीवर नाव असतं. तेव्हा नुसतं बघणं म्हणजे काहीतरी अर्धवट, असं डोक्यातून काढून टाक. तुझे बाबा वर्षानुवर्षं वाशीच्या भावे नाट्यगृहात आणि गडकरीला जात असतील. 'एवढंच आहे तर स्टेजवर उभे राहा, नाहीतर नाटक बंद करा,' असं त्यांना कुणी म्हटलं का? म्हणायला गेलं तर काय होईल, त्याची कल्पना तुला असेलच.

मात्र नाटकवेडा माणूस नुसती नटांची नावं सांगत नाही. कुठला प्रवेश का पडला, कुठे प्रकाशाने वाचवलं, हे त्याला दिसतं. तुझ्या पत्रात कोण कुठे गेलं, कोणाच्या जागी कोण आलं, एवढंच आहे. सगळ्या बदल्या-बढत्या पाठ, पण कापडाबद्दल चकार शब्द नाही! एक शो असा नाही ज्यात तुला एखादी बाही, एखादी चूण, एखादा झोल आवडला म्हणून लिहिलंयस. हे थोडं खटकलं मला.

म्हणून एक उद्योग सांगते. बाबांचा एखादा जुना फुल शर्ट माग, टाकाऊ झालेला. शिवणाच्या सामानाच्या दुकानात टाके उसवायचं छोटं हत्यार मिळतं, ते आण आणि शर्ट सगळाच्या सगळा उसव. घाई नको, कापड फाटता कामा नये. तुकडे इस्त्री करून जमिनीवर मांड. बाहीचा तुकडा हातात घे. वरची गोलाई डोंगरासारखी दिसेल, पण तो डोंगर दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, पुढच्या अंगाला जास्त खोलगट कापलेला असतो, कारण आपला हात पुढे येतो. आता टेप घेऊन ती गोलाई मोज आणि ती जिथे बसते तो मुंढा मोज. गोलाई बहुतेक जराशी जास्तच भरेल. तो जादाचा भाग चूण न पाडता मुंढ्यात जिरवायचा, यात शिवणाऱ्याचं सगळं कसब आहे. जमलं तर हातटाक्याने पुन्हा जोडून बघ. बहुतेक जमणार नाही, खांद्यावर फुगा येईल.

मग क्रिस्तोबाल बालेंसियागा या डिझायनरचे जुने कोट बघ. स्पेनमधल्या किनाऱ्यावरच्या एका गावात शिवणकाम करणाऱ्या बाईचा हा मुलगा. बाही मनासारखी बसली नाही तर तयार कपड्याचीही बाही उसवून पुन्हा लावायचा, अशी त्याची ख्याती. आतापर्यंत ही गोष्ट तू गोष्ट म्हणून ऐकली असशील. एक शर्ट उसवल्यावर त्याचा खांदा बघताना तुझा जीव वरखाली होईल. यासाठी डिझायनर व्हावं लागत नाही.

आणखी एक. एखाद्या शनिवारी, शिफ्टची झोप झाली की, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदास मार्केटमध्ये जा (रविवारी बंद असतं). काही घेऊ नकोस, हात लावून ये. ऑर्गन्झा, क्रेप, सॅटिन, आणि हो, मांजरपाटसुद्धा. पॅरिसच्या कार्यशाळांत महागडं कापड कापण्याआधी अख्खा गाऊन अशाच साध्या, कोऱ्या सुती कापडात शिवून बघतात. दुकानदार दोनदा विचारतील, तिसऱ्यांदा वैतागतील. कापड उभ्या धाग्यात ओढून बघ, मग तिरकं, उरेबात ओढून बघ. उरेबात ते ताणलं जाऊन अंगाबरोबर पडतं. मादलेन व्हियोने या बाईने शंभर वर्षांपूर्वी याच ताणावर अख्खे गाऊन उभे केले.

चुलतभावाचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस, त्याचा राग खरा आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने मॉडेलांच्या पायांत ज्या चपला घातल्या, त्या कोल्हापूरच्या कुठल्याही पोराने लांबून ओळखल्या असत्या. ओळख दिली ती नुसती 'लेदर सँडल' म्हणून. कोल्हापुरीला 2019 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांचा मिळून. बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीने महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेला पत्र लिहून प्रेरणा भारतीय असल्याचं कबूल केलं. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, इथल्या कारागिरांकडून सुमारे 2,000 जोड करून घ्यायचे, किंमत जोडाला 800 युरोंच्या आसपास. ओरडलो म्हणून एवढं तरी हललं.

पण भावाला दुसरी बाजूही सांग. 30 मार्च 2023 ला पॅरिसच्या डिओर या हाउसने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हा मागे जे भव्य तोरण उभं होतं ते चाणक्य या मुंबईच्याच भरतकाम संस्थेने केलेलं, आणि ते त्यांनी केलं हे डिओरने जाहीर सांगितलं. पॅरिसच्या कितीतरी हाउसेसचं भरतकाम वर्षानुवर्षं मुंबईत होत आलंय, पण ही नावं क्वचितच पुढे आली. लाकडी अड्ड्यावर, म्हणजे चौकटीवर, कापड ताणून बसवलेलं, कारागिराचा एक हात वर, एक खाली. वरच्या हातातली आरी (आकड्याची सुई) कापडात बुडते, खालचा हात अंधारातच तिच्या आकड्यात दोरा अडकवतो, आरी वर येते ती साखळीचा एक टाका घेऊन. ते हात रॅम्पवर कधी दिसत नाहीत. राहुल मिश्रा जानेवारी 2020 मध्ये पॅरिसच्या कुटूर वीकमध्ये पोचला, असा मान मिळालेला पहिला भारतीय डिझायनर, आणि 2021 मध्ये वैशाली शडांगुळे गेली, हातमागाचं कापड घेऊन. राहुल मूळचा फिजिक्सचा पदवीधर, हेही बाबांना जाता जाता सांगून ठेव. तर तू टाळ्या जरूर वाजव, पण शोनंतर हे काम कुणी केलं ते शोधायची सवय लाव. प्रेमात असलेल्या माणसाने जाबही विचारावा.

आईला सांग की पॅरिसमधलं पहिलं कुटूर हाउस म्हणून ज्याचं नाव घेतात ते 1858 मध्ये चार्ल्स वर्थ या पुरुषाने काढलं, आणि तिचे स्वतःचे ब्लाउज शिवणारे मास्टर कोण आहेत तेही आठवायला सांग. तिच्या बोलण्यामागे न विचारलेला आणखी एखादा प्रश्न असेल, तर तो तिने विचारेपर्यंत तिथेच राहू दे. झगे आवडतात यावरून कुणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

निफ्टचं म्हणशील, तर दार बंद नाहीये. तिथल्या फॅशन मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, बी.कॉम.सुद्धा. पण फी काही लाखांत जाते, आणि तू स्वच्छ लिहिलंयस की व्हायचं नाही. छंदाला घरात जागा मिळावी म्हणून दोन वर्षं आणि बाबांची पुंजी घालणं हा महागातला खुलासा होईल. पुढेमागे वाटलं तर वाटलं. बाबांना तसंच सांग.

खरं तर बाबा शत्रू नाहीतच. तुला कपडे आवडतात म्हणून ते चिडलेत असं मला वाटत नाही. मुलगा दार लावून मोबाइलमध्ये काय बघतो ते कळत नाही, म्हणून चिडलेत. एकदा शेजारी बसव आणि एकच व्हिडिओ दाखव, सप्टेंबर 2022 चा कोपर्नी या ब्रँडचा पॅरिसमधला शो. बेला हदीद ही मॉडेल जवळजवळ उघड्या अंगाने येऊन उभी राहते (आई खोलीत नसताना दाखव), दोघं-तिघं तिच्या अंगावर बंदुकीने काहीतरी पांढरं फवारतात आणि बघता बघता त्याचं कापड होतं. मग एक बाई येऊन खांद्यावरचे पट्टे खाली ओढते, कडेला कात्रीने चीर देते, झाला ड्रेस. त्या द्रवात बारीक तंतू आणि पॉलिमर असतात, अंगावर पडलं की द्रावक उडून जातो आणि तंतू एकमेकांना धरून बसतात.

हे तू त्यांना सांगू नकोस. 'बाबा, हे कसं झालं असेल हो?' एवढंच विचार. अख्खी नोकरी केमिकल कंपनीत काढलेला माणूस आहे, गप्प बसणार नाही. आणि ते बोलायला लागले की मध्येच कोपर्नी कुणाचं, ते डिझायनर आधी कुठे होते, हे सुरू करू नकोस.

— मावशी