चावल्यानंतर घाईघाईने कुत्र्याला लस टोचून आणू नका (स्वानुभव)

‘आमचा कुत्रा शेजारच्या मुलाला चावला, रेबीजच्या लसीची तारीख दोन महिन्यांपूर्वीच उलटलीय, आता पटकन टोचून दाखला दाखवला तर चालेल का?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि सात वर्षांपूर्वी मीच विचारलेला वाटला. थेट सांगते, आत्ता टोचू नका.

मुलाची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुतली आणि त्याची इंजेक्शनं सुरू झाली, हे मी धरून चालतेय. तसं नसेल तर आधी ते करा, बाकीचं नंतर वाचा. चावलेल्या कुत्र्याला १० दिवस निरीक्षणात ठेवतात, ते संपायची वाट मुलाने बघायची नसते.

आता माझा गाढवपणा. चाव्याची नोंद करायला एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी लसीचं पुस्तक चाळलं, ‘मुदत संपलीय, टोचून दाखला आणा, मग बघू’ म्हणाले. मी आज्ञाधारक! दुसऱ्याच दिवशी टोचून आणलं. प्राण्यांच्या डॉक्टरांना तो चावलाय हे सांगितलंसुद्धा नाही, कारण लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी कुत्रा कोपऱ्यात पडून, अंग तापलेलं, खाण्याकडे बघेना, हात लावला की गुरगुरायचा. आता हा लसीचा ताप की पिसाळायची सुरुवात? डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येईना. ज्यांना चावला होता त्यांच्या घरी हे कळवणं भाग होतं. तो फोन करताना माझे हात कापत होते. दोन दिवसांनी कुत्रा ताळ्यावर आला, पण त्या दोन रात्री कुणीच झोपलं नाही. त्यांच्याही घरी नाही.

एवढं करून दाखल्याचा उपयोग शून्य. त्यावरची तारीख चाव्यानंतरची, म्हणजे चावला त्या दिवशी मुदतीतली लस नव्हती हे मीच कागदावर सिद्ध करून दिलं. त्याच खिडकीवर पुढच्या खेपेला दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, ‘निरीक्षणात असलेल्या कुत्र्याला लस कुणी टोचायला सांगितली?’ काय बोलणार!

हे १० दिवस म्हणजे शिक्षा नाही. कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी, आणि लक्षणं दिसल्यावर कुत्रा फार दिवस काढत नाही. म्हणून १० दिवसांनी तो धडधाकट असेल, तर चावला तेव्हा लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. मग मुलाचे उरलेले डोस थांबवायचे का, ते त्याचे डॉक्टर ठरवतील. हा हिशोब पाळीव कुत्र्या-मांजरांपुरता आहे, वटवाघूळ किंवा कोल्ह्याला लावू नका. मधल्या काळात लस टोचली तर निरीक्षणच गढूळ होतं. टोचायची ती १० दिवस पार पडल्यावर, आणि तेव्हा मात्र एक दिवसही टाळू नका.

तोवर कुत्र्याला घरातच बंद ठेवा. मागच्या दाराने फिरवून आणणं वगैरे नको. पहिल्या दिवशी आणि शेवटी डॉक्टरांकडून तपासून लेखी घ्या. चावला तो दिवस शून्य धरायचा, यावरून माझा वाद झालाय. जुनं पुस्तक फेकू नका. मुदत उलटलेला कुत्रा आणि कधीच न टोचलेला कुत्रा यांत बऱ्याच ठिकाणचे नियम फरक करतात. त्यात लसीचा बॅच नंबर चिकटवलेला आहे ना, तेही बघा.

आणि बोलू नये, पण या दिवसांत कुत्रा दगावलाच तर परस्पर पुरू नका. लगेच कळवा, कारण रेबीजची खात्री मेंदूच्या तपासणीतून होते. तोवर बर्फात थंड ठेवायचा, गोठवायचा नाही, आणि हात लावायचा तर हातमोजे घालूनच.

मी डॉक्टर नाही. गावोगावी नियम थोडेफार वेगळे असतात, तुमच्याकडचे विचारून घ्या. फक्त खिडकीवर जे सांगतील ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं, म्हणून त्या बाईंना दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.