एफआयआरची प्रत आणि कोर्टाची पुढची तारीख घरबसल्या कशी मिळेल?

तुम्ही विचारलंय की चोरीची फिर्याद दिली, पण हातात कागद नाही आणि केस कुठवर आली तेही कळत नाही.

आधी प्रतीचं. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय (ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे). पोलीस 'उद्या या' म्हणाले तर कलमाचं नाव घेऊन, शांतपणे पण ठामपणे मागा. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानुसार एफआयआर साधारण 24 तासांत वेबसाइटवर टाकायची असते. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' मध्ये जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून शोधा. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं तिथे नसतात, आणि ते योग्यच आहे.

आता तारीख. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (कोर्टातल्या प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकला की पुढची तारीख दिसते. आदेश अपलोड झाले असतील तर तेही वाचता येतात. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावाने किंवा एफआयआर क्रमांकाने शोधता येतं. माझी मावशी फक्त तारीख विचारायला दोन एसट्या बदलून तालुक्याच्या कोर्टात जायची. तिच्या मोबाईलमध्ये हे अ‍ॅप टाकून दिलं, तेव्हा ती स्क्रीनवरची तारीख बोट ठेवून दोनदा वाचत होती.

नाव आधी इंग्रजीत टाकून बघा, स्पेलिंगही बदलून बघा. बऱ्याचदा केस तिथेच सापडते.