टाकीला पोचा आलाय: नवी टाकी, दुरुस्ती की विमा?

कऱ्हाडहून एका वाचकाने लिहिलंय. वय २९, खासगी नोकरी, हातात येणारा पगार ३४,००० रुपये. घरी आई, बहीण लग्न होऊन पुण्याला. वडिलांनी रोख पैसे भरून घेतलेली बुलेट ३५० आता पाचव्या वर्षात आहे. आठ महिन्यांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून गाडी हे चालवतात. गेल्या महिन्यात पावसात साइड स्टँड चिखलात रुतला, गाडी पायरीच्या कडेवर पडली आणि टाकीच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा पोचा आला. सर्व्हिस सेंटरने नव्या टाकीचं इस्टिमेट दिलंय: टाकी १२,००० आणि मजुरी ९००. गावातला डेंटिंग-पेंटिंगवाला २,८०० रुपयांत पोचा काढून रंग मारून देतो म्हणतो. मामा म्हणतात, विमा कशासाठी भरतो, क्लेम कर. आईला बाबांची गाडी अशी पोचा आलेली बघवत नाही. काय करू, असा प्रश्न आहे. सोबत पॉलिसीचा फोटो पाठवलाय.

नमस्कार,

आधी उत्तर देतो, मग हिशोब. टाकी गळत नसेल तर पोचा काढून घ्या, पैसे खिशातून द्या, क्लेम करू नका. पण गॅरेजला जाण्याआधी एक काम उरकायचं आहे. ते पोच्याहून मोठं आहे, आणि ते मला तुमच्या पॉलिसीच्या फोटोत दिसलं. त्याबद्दल खाली लिहितो.

टाकी बदलायची की नाही हे पैशाने ठरवायचं नसतं, पत्र्याने ठरवायचं असतं. पोचा पसरट असेल, रंगाला तडा नसेल, तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. पत्रा दुमडून तिथे धारदार घडी पडली असेल किंवा पोचा खालच्या जोडापर्यंत गेला असेल, तर गोष्ट वेगळी. टाकी पूर्ण भरा, खालचा जोड कोरड्या फडक्याने पुसून घ्या, गाडी मोकळ्या हवेशीर जागेत रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी त्याच जोडावरून बोट फिरवून बघा. ओल लागली किंवा पेट्रोलचा वास आला तर २,८०० आणि १२,९०० अशी तुलनाच करू नका. नवी टाकी बसवा, त्यासाठी बचतीतले पैसे काढावे लागले तरी काढा. इंजिन आणि सायलेन्सर टाकीच्या खालीच तापतात, तिथे पैसे वाचवायचे नसतात.

ओल नसेल तर आणखी एक बघा. रंग उडून पत्रा उघडा पडलाय का? पडला असेल तर फार दिवस ठेवू नका, पावसाळ्यात गंज धरायला वेळ लागत नाही. रंग शाबूत असेल तर कारागिराला विचारा, रंग न घालवता पोचा ओढून काढता येईल का. पोच्यावर गरम गोंदाने प्लास्टिकचे तुकडे चिकटवून पत्रा हळूहळू बाहेर ओढतात. पसरट पोच्याला हे जमतं, धारदार घडीला जमत नाही. जमलं तर तुमच्या टाकीवरच्या सोनेरी रेघाही वाचतील. बुलेटच्या त्या रेघा चेन्नईच्या कारखान्यात कारागीर ब्रशने हाताने ओढतात, रंगवाल्याकडून तशाच परत मिळणं कठीण.

आता मामांचा मुद्दा. क्लेम मंजूर झाला असं धरून चालू.

गाडी चार ते पाच वर्षांच्या दरम्यानची असेल तर धातूच्या भागावर विमा कंपनी ३५ टक्के घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापते. तुमच्या पॉलिसीत झीरो डेप्रिसिएशनचं, म्हणजे घसारा न कापण्याचं, कलम नाही. म्हणजे १२,००० च्या टाकीवर ४,२०० रुपये तुमचे. दुचाकीला १०० रुपये सक्तीची वजावट असते, ती धरून ४,३००. मजुरी पूर्ण मिळते. जुन्या टाकीची भंगाराची किंमत कापली तर आकडा आणखी थोडा चढतो.

शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट. तुम्हाला आत्ता ४५ टक्के मिळतोय, क्लेम केला नाही तर पुढच्या वेळी ५० होईल, आणि ती वरची मर्यादा आहे. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. हा बोनस फक्त तुमच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्यावर, नाही. तुमच्या पॉलिसीत तो प्रीमियम बोनसआधी १,८०० रुपये आहे. पुढच्या पाच वर्षांत गमावलेली सूट अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, बेरीज १२५ टक्के. म्हणजे २,२५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडीचं मूल्य दरवर्षी उतरतं म्हणून प्रीमियमही थोडा उतरेल, तरी अडीच हजार धरा.

थोडक्यात, विम्यातून ‘फुकट’ वाटणारी नवी टाकी तुम्हाला ६,८०० च्या आसपास पडते. दुरुस्ती २,८०० मध्ये होते. दुरुस्तीच्याच बिलाचा क्लेम करावा असं वाटलं, तर हातात येणारी रक्कम आणि गमावलेला बोनस जवळपास सारखेच भरतात, फॉर्म आणि सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्याच्या) फेऱ्या वर. विमा चोरीसाठी, मोठ्या अपघातासाठी राखून ठेवा.

आता ते मोठं काम. तुमच्या पॉलिसीवर नाव वडिलांचं आहे आणि पॉलिसीची तारीख ते गेल्यानंतरची आहे. तुम्ही लिहिलंय, ‘ओटीपी माझ्याच फोनवर येतो, म्हणून मीच ऑनलाइन रिन्यू केली.’ आरसी बुकही अजून त्यांच्याच नावावर आहे. घरात असं काही घडलेलं असताना हे सुचत नाही, मला पूर्ण कल्पना आहे. पण आता थांबू नका.

नियम असा आहे की मालकाचं निधन झालं तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करायचा. तुमची मुदत उलटून गेली आहे. दंड पडेल, तो भरा. विम्याचंही तसंच: मालक गेल्यावर चालू पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवर वारसाला चालते, तेवढ्यात नाव बदलून घ्यायचं असतं. गेलेल्या माणसाच्या नावाने नव्याने काढलेल्या पॉलिसीवर क्लेम टाकला तर कंपनीला तो नाकारायला कारण आयतंच मिळतं. क्लेम फॉर्मवर मालकाची सही लागते. कुणी म्हणालं, बाबांची सही तूच ठोक, तर अजिबात करू नका. ती फसवणूक ठरते.

मला खरी काळजी वाटते ती वैयक्तिक अपघात विम्याची. मालक-चालकाला १५ लाखांचं जे सक्तीचं संरक्षण असतं, ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला असतं. आज तुम्ही त्या बुलेटवरून ऑफिसला जाता, आई तुमच्या एकट्याच्या पगारावर आहे, आणि तुम्हाला काही झालं तर त्या १५ लाखांवर आईला हक्क सांगता येणार नाही. थर्ड पार्टीबाबतही वादाला जागा राहते. मला बारा हजारांच्या टाकीपेक्षा हा धोका फार मोठा दिसतो. नाव बदलेपर्यंत शक्य असेल तर एसटीने किंवा कुणाबरोबर जा.

काम अवघड नाही. फॉर्म ३१ (नावबदलाचा अर्ज), मृत्यू दाखला, मूळ आरसी, पीयूसी, आधार आणि पॅन, तुमचं प्रतिज्ञापत्र, आई आणि बहिणीचं ना-हरकत पत्र. बहिणीला पुण्याहून सहीसाठी बोलवायचं असेल तर आधी कऱ्हाडच्या आरटीओ कार्यालयात (एमएच ५०) विचारून घ्या, त्यांना ते कोणत्या नमुन्यात हवंय. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरून मग कागद घेऊन जायचं. विमा कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवा, ईमेलने कळवलं तरी चालेल, पण पोच ठेवा. वडील गेल्याची तारीख स्पष्ट लिहा, काही लपवू नका, आणि नाव बदलून देता की नवी पॉलिसी काढू हे त्यांच्याकडून लेखी घ्या. त्यांचा बोनस वारस म्हणून तुम्हाला मिळू शकतो. मुलगा, मुलगी, पती-पत्नी, आई-वडील यांना तशी तरतूद आहे, फक्त ती आपणहून मागावी लागते. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमाही येत्या दिवाळीत संपेल, तेव्हा नवी पॉलिसी तुमच्याच नावाने निघायला हवी, अपघात संरक्षणासह.

पैशाचं म्हणाल तर, तुमच्या ४०,००० च्या एफडीला हात लावू नका, ३,००० ची एसआयपीही थांबवू नका. नावबदल आणि दुरुस्ती दोन्ही मिळून दोन पगारांतून सहज निघतील. नव्या टाकीसाठी सर्व्हिस सेंटरने क्रेडिट कार्डाचा ईएमआय सुचवलाय, तो सोडून द्या.

आईंना सांगा, नवी टाकी बसवली तर बाबांनी निवडलेली टाकी भंगारात जाईल. पोचा काढला तर तीच टाकी गाडीवर राहील. मला वाटतं त्यांना हे पटेल.

राहिली गॅरेजची गोष्ट. तुमची बुलेट कार्ब्युरेटरची नाही, फ्युएल इंजेक्शनची आहे, पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच बसलेला असतो. तो काढल्याशिवाय टाकीला उष्णता लावू द्यायची नाही, आणि परत बसवताना त्याचं रबरी सील नवं टाकायला सांगा. ते २,८०० मध्ये धरलंय का विचारा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ कोंडलेली राहते. पेट्रोल काढून टाकी पाण्याने धुऊन वाळवणार का, हे आधीच विचारा. गॅसची बत्ती घेऊन थेट कामाला लागणारा दिसला तर टाकी परत घेऊन या. पुट्टीचा जाड थर नको, पत्रा जमेल तितका वर आणूनच पातळ हात मारा म्हणावं, जाड पुट्टी पुढे तडकते. आणि चुलतभाऊ म्हणतोय तसा मॅट ग्रे रंग मारू नका. आरसीवर रंग काळा आहे, बदललात तर आरटीओत त्याचीही नोंद करावी लागेल.